किल्ली पनवेलला गेली

महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली व्यवस्थापकांच्या खिशातून पनवेलला गेली होती.

ॲडव्होकेट नंदिनी दारासमोर उभी होती, कधी या पायावर, कधी त्या. बेलापूरच्या त्या सभागृहात स्त्रिया, कायदा आणि मानवी हक्क यांवर दिवसभराची परिषद चालू होती. पंधरा मिनिटांनी तिचं मुख्य भाषण होतं. सकाळपासून तिचे तीन चहा झाले होते. तिच्यामागे अकरा जणी उभ्या होत्या, त्यांतल्या चौघी पीएचडी.

समोर पुरुषांचं स्वच्छतागृह सताड उघडं होतं. तिथून माणसं हात पुसत, मोकळ्या चेहऱ्यानं बाहेर पडत होती.

प्राध्यापक ऋता म्हणाल्या, हा सन्मानानं जगण्याच्या हक्काचा भंग आहे. क्षिप्रा वकील होती. तिला समानतेचा मुद्दा जास्त भक्कम वाटला. दोघींची जुंपली. शेवटी निषेधाचा ठराव लिहायचं ठरलं. निषेध 'तीव्र' असावा की नुसताच, यावर मतदान झालं. नंदिनीनं दोन्ही वेळा हात वर केला. तिला फक्त हे आटपायला हवं होतं.

तेवढ्यात करावे गावच्या सरस्वतीबाई आल्या. मासळी विकणाऱ्या बायकांच्या वतीनं त्या दुपारी पाच मिनिटं बोलणार होत्या. ही रांग कसली, असं त्यांनी विचारलं. त्यांना सगळं सांगण्यात आलं, ठरावासकट.

"कुलूप वढून बगितलं का कुनी?"

बाईंनी कुलूप ओढलं. ते नुसतंच अडकवलेलं होतं.

नंदिनी धावत आत शिरली आणि तिथंच थबकली. पाय ठेवायला जागा नव्हती. छतापर्यंत पुस्तिकांचे गठ्ठे रचलेले होते. गेल्या वर्षीच्या परिषदेचा अहवाल : 'सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे : अडथळे आणि उपाय'.

ऋता भडकल्या. हा अहवाल वाटायची जबाबदारी कोणाची होती, त्याची चौकशी व्हायलाच हवी, असं त्या म्हणाल्या. "ते नंतर बघू," नंदिनी घाईनं म्हणाली. तिनं पदर खोचला आणि पहिला गठ्ठा उचलला. मग बाराही जणींनी हात लावला. पुरुषांचं स्वच्छतागृह बघता बघता गठ्ठ्यांनी अर्धं भरलं.

जागा झाली तशी नंदिनी सगळ्यांच्या आधी आत गेली. दाराशी सरस्वतीबाई एक पुस्तिका हातात घेऊन मागच्या पानावरचा 'अहवाल वितरण प्रमुख' यांचा फोटो निरखत होत्या.

"या फोटूतली तूच ना गो, बाय?"

नंदिनीनं आतून कडी लावून घेतली.