कोय

सगळ्या बायकांना कोयच कशी आवडते, हे कोडं शर्वरीला दर मे महिन्यात आजोळी पडायचं. पुरुष आणि मुलं वाट्यांवर वाट्या आमरस ओरपायची. मागून जेवणाऱ्या मामी, मावशी, आई मात्र रस काढून उरलेल्या कोयी चोखायच्या. "आम्हाला बाई हेच आवडतं!"

यंदा मामीने शर्वरीला पंगतीत वाढायला लावलं. "मोठी झालीस आता." तिच्याच वयाचा मामेभाऊ पहिल्या पंगतीत बसला. त्याला तिसरी वाटी वाढताना पळी पातेल्याच्या तळाला खरडली.

बायका जेवायला बसल्या, तेव्हा मामीने शर्वरीच्याही ताटात कोय ठेवली.

"मला नाही आवडत कोय," शर्वरी म्हणाली.

मामीचा हात तोंडाशीच थांबला.

"मला तरी कुठे आवडते गं?" ती हळूच म्हणाली.