तिसरं गाणं

रेकॉर्डवर हे गाणं चार मिनिटांत संपतं. आज कडव्यानंतर दादाची गिटार भलत्याच सुरात शिरली आणि परत येईना. मी बास घेऊन त्याच्या मागे गेलो, माझ्या मागे ड्रमर. आमचं सायकेडेलिक रॉक. भरकटणं हाच धंदा. त्यामुळे वाट खरंच चुकलीय, हे समोर कुणाला कळत नाही. अर्ध्या तासाने गाणं कुठेतरी तिसरीकडेच संपलं. सगळं सभागृह उभं राहिलं.

स्टेजमागे मी वहिनीला म्हणालो, “आता पुरे. डॉक्टर सांगत होते तेच झालंय. उरलेला दौरा रद्द करू.”

दादा स्पीकरच्या खोक्यावर बसून मान पुसत होता.

“रद्द नको करूस रे.”

“दादा, तुला तुझीच गाणी आठवत नाहीत. परवा तर वहिनीचं नावसुद्धा...”

“माहितेय. नळ सोडून रडत होती ती. मला ऐकू जाऊ नये म्हणून.” त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. “घरी विसरलो की तुम्ही रडता. इथे विसरलो की लोक टाळ्या वाजवतात.”