वर्णनात्मक नोंद

"परिसर अभ्यासात ब-एक म्हणजे चांगलंच आहे हो," पालकसभेत बाई हर्षदाला तिच्या लेकीचं प्रगतिपुस्तक समजावून सांगत होत्या. हर्षदाची नजर मात्र खालच्या नोंदीवर खिळली होती: 'वर्गात मोठ्या आवाजात कविता म्हणते.'

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी अखंड बडबडणारी चार्वी शाळेत शिरली की तोंड शिवल्यासारखी गप्प व्हायची. तिसरीचं वर्ष सरत आलं तरी वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. आणि आता चक्क कविता!

"बाई, कोणती कविता म्हणाली हो ती?"

"कोणती म्हणजे?" बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, नोंदींचं तयार पुस्तक मिळतं बाजारात. त्यातून उतरवतो आम्ही. एवढी मुलं, कुणाकुणाचं बघत बसू? तुम्ही सही करा."

हर्षदाचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. लेकीला वर्गात तोंड नाही आणि बाईंना कान नाहीत, छान जोडी जमली होती! तिने पेन उचललं आणि 'पालकांचा अभिप्राय' या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं:

'बाईंचे अक्षर सुंदर आहे. वर्गात लक्ष नसते. सुधारणेस वाव आहे.'