एक्कावन्नावं नाव

एक्कावन्न नावांच्या फाइलवर जावा प्रोग्राम 'नल पॉइंटर', म्हणजे 'इथं काहीच नाही', म्हणत बंद पडला. मोतीबिंदू शिबिराचे मेसेज अडकले.

"गेल्या वर्षी पन्नास नावांना सुरळीत चालला होता," वैदेही कुरकुरली.

"त्यातले निम्मे आलेच कुठे?" डॉक्टर म्हणाले.

'फुकट मिळालं की किंमत राहत नाही,' असं तेव्हा तिनंच ठणकावलं होतं.

आपलाच कोड वाचताना ती थबकली. ओळ शिल्लक आहे का बघायला प्रोग्राम दर वेळी एका नावाची ओळ वाचून टाकत होता आणि मेसेज पुढच्या नावाला धाडत होता. एक्कावन्नाव्या ओळीनंतर नावच नसल्यानं यंदा तो कोसळला. गेल्या वर्षी पन्नासांतले निम्मे गाळताना मात्र चकार शब्द काढला नव्हता.

तिनं जुनी फाइल उघडली. पहिलंच गाळलेलं नाव: द्रुपदा खंडागळे, डावा डोळा.

यंदाच्या यादीतही द्रुपदाबाई होत्या. उजवा डोळा. शेरा: मोतीबिंदू पिकून डावा कायमचा गेला.