डावी टाच

कॉट डावीकडे कलली आणि बायको पुन्हा घसरली. तिचा डावा पाय कठड्याच्या फटीत जाऊन अडकला. त्याने घाईघाईने कॉट सपाट केली आणि कपाळावर हात मारून घेतला.

उद्या सकाळी हॉस्पिटलची माणसं ही कॉट बघायला येणार होती. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला एकट्या माणसाने, न उचलता, नुसतं बटण दाबून कुशीवर वळवता यावं, एवढंच तिचं काम. त्याची आई शेवटी शेवटी अंथरुणावरच होती. तिला वळवायला दोघं लागायची आणि घरात बहुतेक वेळा एकच जण असायचा. पाठीला जखमा झाल्या, त्या शेवटपर्यंत भरल्या नाहीत. ही गोष्ट त्याला अजून खात होती.

वर्कशॉपमध्ये पेशंट व्हायचं काम पहिल्यापासून बायकोकडे होतं. लग्न झाल्यापासून मला आडवं पडू देणारं हे एवढं एकच काम मिळालं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिच्या अंगाच्या मापावर त्याचा डोळे मिटून विश्वास होता. तिला जिथे रुततं तिथे पेशंटला रुतणार, हे ठरलेलं.

तिची खोड एकच. कॉट कलायला लागली की तिची डावी टाच आपोआप गादीत रोवली जायची. धडधाकट शरीर सुखासुखी पडायला तयार नसतं. पण पेशंटची टाच रोवली जात नाही, मग चाचणी काय कामाची? यावरून दोघांचं कायम वाजायचं.

"मदत करू नकोस," तो ओरडायचा.

"मी कुठे करतेय? टाच करतेय," ती म्हणायची.

गेल्या काही दिवसांत मात्र ती खोड सुटली होती. आणि ती सुटली तसा कॉटचा खरा दोष उघडा पडला. कॉट कलली की पाय भलतीकडेच जायचा. इतकी वर्षं टाचेने आपल्याला फसवलं, असं तो हसत म्हणाला खरा, पण आतून धास्तावला होता.

वर्कशॉपचा वेल्डर काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. मी झोपलो तर घसरत नाही, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं.

"तू पालीसारखा चिकटून राहतोस," त्याने पैलवानाला सुनावलं. "हिच्यासारखं अंग सोडून बघ, मग कळेल."

पैलवान वहिनींकडे बघत राहिला. वहिनी दमल्यात, आज राहू द्या, असं तो हळूच म्हणाला. तिने ते उडवून लावलं. सकाळी ती एकाच पायात चप्पल घालून आली होती, दुसरी पायरीवर राहिली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. त्यावरून तिची भरपूर थट्टा झाली. मग तिच्या हातून चहाचा कप निसटून नवऱ्याच्या ड्रॉइंगवर सांडला, तेव्हा तुमचे कपच बुळबुळीत आहेत, असं म्हणून तिने त्याच्यावरच उलटवलं.

दुपारी त्याला उपाय सुचला. पाय घसरणारच असेल, तर त्याला अडवायचं कशाला? झेलायचा. कठड्याच्या आतून त्याने गुडघ्यापासून पावलापर्यंत खोलगट मऊ उशी बसवली. पैलवानाने उशीची पट्टी जोडून दिली.

चढण्याआधी ती क्षणभर थांबली. "ही नाही चालली तर?"

"तर उद्याची माणसं परत यायची नाहीत. मग ही कॉट इथेच गंजेल."

तिने मान हलवली. आडवी झाली, ओठ घट्ट मिटले आणि छताकडे बघत राहिली. त्याने बटण दाबलं.

कॉट सावकाश कलली. डावा पाय घरंगळला, उशीत अलगद जाऊन पडला आणि तिथेच राहिला. हिसका नाही, अडकणं नाही. ती पूर्ण कुशीवर वळली. त्याने मागे जाऊन बघितलं, पाठ मोकळी झाली होती. त्याला आईची पाठ आठवली आणि भरून आलं. पैलवानाने टाळी वाजवली आणि चहा सांगायला बाहेर गेला.

तो वाकून तिच्या समोर आला. "जिंकलो आपण. इतक्या वर्षांत आज तू खरी पेशंट झालीस. टाचेने जरासुद्धा मदत केली नाही."

ती हसली नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "उद्या कॉट पास व्हावी म्हणून मी आज लबाडी करत होते. सगळा जीव एकवटून डावी टाच रोवून धरली होती."