गाडी हवा ओढते

"भंगारात घालायची सोडून तिची नाडी कसली बघत बसलीस?" शालिग्राम पुन्हा बायकोला म्हणाला.

सरलाबाईने मान वळवलीच नाही. पलसाण्याच्या हायवेवरच्या गॅरेजात त्यांच्या पोराची, दीपकची व्हॅन उभी होती. कालच पोलिसांच्या आवारातून सुटलेली. तोंड पार चेपलेलं, काचेचा पत्ता नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि दीपक जागीच गेला. इंजिन सीटखाली होतं, म्हणून ते शाबूत राहिलं. पोरगं गेलं आणि इंजिन वाचलं! काय म्हणावं या नशिबाला?

वर लोकांची तोंडं. मोबाइल बघत चालवत असेल, म्हणे. लोकांचं सोडा हो, सख्ख्या बापाने दहाव्याला सगळ्या भाऊबंदांसमोर सांगितलं, "मोबाइलमध्ये डोकं असंल त्याचं." सरलाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. दोष गाडीचा होता, पोराचा नव्हता, एवढं कोणीतरी जाणत्याने म्हणावं. मग ती गाडी जाळली तरी चालेल.

मेकॅनिक मगन त्यांच्यासारखाच धुळ्याकडचा. त्याने सीट उचलून बाजूला ठेवली.

"मावशी, आधी काय त्रास होता?"

"सिग्नलला थांबली की थरथरायची अन् बंद पडायची. खालून सूं-सूं आवाज यायचा."

"म्हणजे कुठला तरी पाइप फाटून बाहेरची हवा ओढत होती. हवा जास्त, पेट्रोल कमी. मशीन दम टाकणारच. मग?"

"मग मी..."

"तिला काय कळतं गाडीतलं!" शालिग्राम खेकसला. "आपोआप बरी झाली ती."

असा नव्हता हो हा माणूस. आयुष्यभर तिला कधी उणा शब्द बोलला नाही, आणि आता परक्यासमोर पाणउतारा! व्हॅन ओळखायला पोलिसांच्या आवारात गेला, तिथे सीट उचलून बराच वेळ आत बघत बसला होता म्हणे, अन् तेव्हापासून त्याचं काळीज दगडाचं झालं होतं.

आणि आपोआप म्हणे! बरी तर तिनेच केली होती. गाडी सारखी अडायची, साड्यांची पार्सलं वेळेवर पोचेनात, व्यापारी दुसरी गाडी बघायला लागला. दीपक रडकुंडीला आलेला. एका सकाळी शालिग्राम कारखान्यात असताना तिने सीट उचलली. आयुष्य लूमवर गेलेलं; त्या खडखडाटात एकच बिघडलेला माग ओळखणारा कान तिचा, सूं-सूं करणारा पाइप लगेच हाती लागला. पार चिरलेला होता. तिने तो कापला, इंजिनकडच्या तुकड्याच्या तोंडात दोरा गुंडाळायची भरीव लाकडी कांडी बुचासारखी खोसली आणि वरून तांबड्या दोऱ्याने करकचून बांधली. लूमवर अशीच कामं भागतात. आवाज बंद, मशीन शांत.

"माय, तू ते मेकॅनिक व्हई गयी!" दीपक हसला होता.

मग ट्रिपवरून त्याच्या नेहमीच्या तक्रारी. ऊन फार आहे, ब्रेक कडक लागतो, डब्यात भाजी कमी दिली. "तरणाताठा गडी तू, अन् रडतो काय?" ती म्हणाली होती. तेच शेवटचं बोलणं.

जुना रोग उलटला असणार. ऐन हायवेवर गाडी बंद पडून ताबा सुटला असणार. मगन आता तेच सांगणार, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

मगनने मशीन चालू केलं. देवापुढची अगरबत्ती आणून प्रत्येक जोडाजवळ फिरवली. गळती असेल तिथे धूर आत खेचला जातो, तो म्हणाला. धूर सरळ वर जात राहिला.

"कुठेच हवा ओढत नाही, मावशी. मशीन चोख आहे. बंद नसती पडली ही."

संपलं सगळं. आता पोराच्या नावाचा डाग जन्मात पुसणार नव्हता.

"झालं समाधान?" शालिग्रामने घाईघाईने सीट उचलली. "चल आता. भंगारवाला थांबलाय."

"थांबा हो काका." मशीन बंद करायला चावीकडे वाकलेल्या मगनचा हात ब्रेकवर टेकला होता. त्याने पेडल पुन्हा दाबून पाहिलं. "चालू मशीनवर ब्रेक लोण्यासारखा दबायला पाहिजे. हा तर दगड आहे."

"जाऊ दे ना रे मगन," शालिग्राम म्हणाला. तो सीट इंजिनवर टाकायला पुढे झाला.

मगन ऐकेना. ब्रेककडून येणाऱ्या पाइपावरून बोटं फिरवत तो इंजिनपाशी आला. तिथे पाइप मध्येच कापलेला होता. त्याने इंजिनकडच्या तुकड्यावरचा दोरा कापला आणि आतलं बूच ओढून काढलं. इंजिन सूं-सूं करत थरथरलं आणि बंद पडलं.

"ब्रेकला जोर याच पाइपातून मिळतो," तो म्हणाला. "इथेच तो बंद करून टाकलाय. बिचारं पोरगं ब्रेकवर उभं राहिलं असेल, तरी गाडी थांबली नसेल. मावशी, पोराचा काही दोष नाही. पण हे केलं कोणी? कोण हा खुनी?"

त्याच्या तळहातावर तांबड्या दोऱ्यासकट ती कांडी होती.

सरलाबाईने कांडीकडे हात नेला.

शालिग्रामने कांडी उचलून मुठीत घट्ट धरली.

"मीच खोसली होती," तो म्हणाला. "तिला काय कळतं गाडीतलं."