दिवस आहे अजून

पुखराजजींनी जुन्या जालन्यात चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आणि तेवढीच वर्षं सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. आता अंथरुणाला खिळले, तरी नेम मोडायला तयार नव्हते. पाणी पोटात गेलंच पाहिजे, असं डॉक्टर बजावून गेले होते.

त्या दिवशी दुपारी त्यांचा डोळा लागला तो संध्याकाळ झाली तरी उघडेना. ओठ पार सुकले होते. पावणेआठला त्यांच्या पत्नी संतोषबाईंनी खिडकी लावून घेतली आणि नवऱ्याचं तारीख दाखवणारं चावीचं घड्याळ हातात घेतलं. तारखेच्या घड्याळाचे काटे कधी उलटे फिरवू नयेत, हे त्यांना नवऱ्यानंच शिकवलं होतं. म्हणून त्यांनी ते पुढेच फिरवले, बारा ओलांडून साडेपाचवर आणले. मग नवऱ्याला हलवून उठवलं.

"किती वाजले?"

"साडेपाच. दिवस हाय अजून. जल्दी पाणी घ्या." त्यांनी घड्याळ नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धरलं.

पुखराजजी बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले. मग बायकोकडे. मग अख्खा पेला पिऊन टाकला.

संतोषबाईंनी पदरानं त्यांचे ओठ टिपले.

"काटे उलटे न्हाई फिरवले, बरं केलं," ते हळूच म्हणाले. "पण तारीख उद्याची झाली बघ."